लाखेच्या सीलखालची जॉयस्टिक

जानेवारीत लखनौला ऊन निघालं की बायका हातातली कामं टाकून रजया गच्चीवर नेतात. मीही नेल्या. रविवार होता, आठवडाभराच्या धुक्यानंतरचं पहिलं ऊन होतं, आणि नवरा मुलीला घेऊन आलमबागला गेला होता. कशासाठी, ते दोघांनी नीट सांगितलं नव्हतं. "अगं, असंच. जरा बाजारात." हा माणूस असाच बाजारात कधी जात नाही. मी ते मनात टिपून ठेवलं आणि मुलीच्या पलंगाखालचा बॉक्स उघडला.

सगळ्यात खालच्या रजईच्या घडीत पॉलिथिनची पिशवी होती. तिच्यात मुलीचा कॅल्क्युलेटर. साधा नव्हे, पडद्यावर आलेख काढून दाखवणारा. त्याच्यासोबत एका जुन्या टीव्ही गेमची जॉयस्टिक: काळा दांडा, लाल बटण, मागे वायर. वायरीचं मूळ टोक कापून टाकलेलं आणि तिथे इअरफोनच्या पिनेहूनही बारीक अशी पिन जोडलेली. जोडावर काळी टेप. शिवाय वहीचा फाडलेला चतकोर कागद, त्यावर मुलीच्या अक्षरात चार ओळी: १० बाएँ, ०१ दाएँ, ०० दोनों, ११ कुछ नहीं.

कॅल्क्युलेटरच्या कडेला एक बारीक भोक होतं. पिन त्यात घालून पाहिली. बसली.

मी बँकेत तपासणी विभागात आहे. वेगवेगळ्या शाखांत जायचं, कागद बघायचे आणि जे जुळत नाही ते लिहायचं, हे काम मी वीसेक वर्षं करते आहे. एक गोष्ट मी शिकले आहे. घोटाळा करणारा माणूस आळशी नसतो, उर्मट नसतो. तो सगळ्यांच्या आधी येतो, रजा घेत नाही, चहाच्या वेळीही टेबल सोडत नाही. गेले दोन महिने माझी मुलगी अशीच वागत होती. फोनसाठी भांडण नाही, झोपेबद्दल कटकट नाही, सांगण्याआधी अभ्यासाला बसलेली. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, "आपकी बिटिया तो बड़ी सीधी हो गई है।" तेव्हाच मला खटकलं होतं.

ती बारावीत होती. शाळेचा अभ्यासक्रम परदेशी, त्यामुळे गणिताच्या पेपरला हा कॅल्क्युलेटर आत नेता येतो, नव्हे, न्यावाच लागतो. तिला गुणांवर अर्धी फी माफ होती आणि माफीच्या अर्जावर मीच सही केली होती. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की परीक्षेत गैरप्रकाराची नोंद झाली तर त्या विषयाला बसता येणार नाही आणि माफी रद्द होईल. पूर्वपरीक्षा दहा दिवसांवर होती. आणि आपण राहतो कुठे? इथल्या पेपरात परीक्षेच्या दर हंगामात नकलेच्या, म्हणजे कॉपीच्या, बातम्या येतात, कुणाच्या कानात यंत्र, कुणाच्या चपलेत. शून्य आणि एकचा तो कागद हातात धरून मी हिशेब केला: चार खुणा, चार पर्याय. बहुपर्यायी प्रश्नाला आणखी काय लागतं?

तिला विचारावं, हे मनात आलं. पण विचारलं की पुरावा हलतो. शाखेत गेल्यावर आम्ही आधी सील करतो, मग विचारतो. दुसरंही एक तत्त्व आहे: दुसऱ्याने पकडलेली चूक आणि स्वतःहून कळवलेली चूक यांना एक शिक्षा नसते. परीक्षेच्या हॉलमध्ये बाहेरच्या कुणी पकडली असती तर सगळं संपलं असतं. आम्हीच आधी शाळेला कळवलं तर समज देऊन सोडतील. मला हा विचार तेव्हा अगदी चोख वाटला.

घरात कापडी अस्तराचं पाकीट होतं. बँकेत तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या अशाच पाकिटात ठेवतात. लाखेची कांडी होती. पितळी शिक्का मात्र बँकेचा असतो, तो घरी आणता येत नाही, म्हणून गरम लाखेवर नवऱ्याच्या जुन्या कोटाचं बटण दाबलं. तोंडावर आडवी सही केली, तारीख घातली, पाकीट माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये ठेवलं. मग गच्चीवर जाऊन रजया उलटल्या.

दोघं दुपारी परत आले. हातात एक लहानशी पिशवी होती, ती नवऱ्याने सरळ मुलीच्या खोलीत नेली. थोड्या वेळाने मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, आज साफ-सफाई हुई क्या?"

"झाली."

"सब कमरों की?"

"सगळ्या. का गं?"

"नहीं, ऐसे ही।"

ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. इथेच वाढली. त्या दिवशी तिने कॅल्क्युलेटर कुठे आहे असं विचारलं असतं तर मी पर्स उघडली असती. खरंच उघडली असती. पण गणिताची मुलगी, परीक्षा दहा दिवसांवर, कॅल्क्युलेटर सापडत नाही आणि ती आईला विचारत नाही. ती पलंगाखाली बघत होती, कपाटामागे बघत होती. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना पाहिलं, तर नवराही गुडघे टेकून सोफ्याखाली डोकावत होता.

"काय हरवलं?"

"चष्म्याची डबी."

चष्म्याची डबी टीव्हीवर होती. मी पोळी तव्यावर टाकली. संशयितांची संख्या एकाची दोन झाली, एवढंच.

सोमवारी बँकेत जाताना शाळेत गेले आणि पाकीट शाळेच्या समन्वयक बाईंच्या हातात दिलं. सोबत पत्र होतं, इंग्रजीत, एका परिच्छेदाचं. आमच्या घरी सापडलेली ही वस्तू सीलबंद करून सादर करत आहे, तपासून खुलासा व्हावा. बाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "आप ने खुद सील किया है?" हो म्हणाले. माझ्या पत्राच्या प्रतीवर त्यांची पोच घेतली आणि निघाले. मला हलकं वाटत होतं, हे लपवत नाही. कळवलं की आमची जबाबदारी संपते.

दुपारी तीनला बँकेत फोन आला. बाई म्हणाल्या, प्रकरण गंभीर आहे, परवा समिती बसेल, तोपर्यंत मुलीला वर्गात गणिताला बसता येणार नाही. मी म्हटलं, मी फक्त खुलासा मागितला होता, समज देऊन सोडता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मैम, जब माँ ने ही लाख लगाकर दिया है, तो हम अनदेखा कैसे कर दें? किसी टीचर ने पकड़ा होता तो डाँटकर छोड़ देते।"

फोन ठेवला. समोर एका शाखेचा तपासणी अहवाल होता. त्यातली एकच ओळ मी तीन वेळा वाचली.

घरी गेले तर मुलगी बैठकीत शाळेच्या कपड्यांतच बसलेली होती. नवरा तिच्या शेजारी. एवढ्या लवकर तो घरी कधी नसतो. आमच्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत ऑफिस घरापासून चालत सात मिनिटांवर आहे, तरी तो सातशिवाय येत नाही.

"आपने मुझसे पूछा क्यों नहीं?" मुलगी म्हणाली. एरवी मला ती 'तुम' म्हणते. रागावली की लखनौची होते.

"तू विचारलंस का, कॅल्क्युलेटर कुठे आहे म्हणून?"

"मैं पूछती तो आप पूछतीं, साथ में क्या था!"

"म्हणजे सोबत काही होतं, हे तू मान्य करतेस."

"अगं बाई, थांब," नवरा म्हणाला. "ही काय शाखा आहे का? जॉयस्टिक मी आणून दिली तिला. आलमबागच्या त्या जुन्या सामानवाल्याकडून. आणि काल जे आणलं ते डाग द्यायचं कथील होतं, जोड नीट करायला."

मी त्याच्याकडे बघितलं. "आणि चष्म्याची डबी?"

त्याने टीव्हीकडे बघितलं.

मग त्यानेच सगळं सांगितलं. तो रेल्वेच्या संशोधन संस्थेत रुळांच्या वळणांवर काम करतो. सरळ रूळ एकदम गोल वळणाला जोडला तर डबा तिथे हिसका खातो, म्हणून मध्ये हळूहळू वळत जाणारा तुकडा घालावा लागतो. त्या तुकड्याचं समीकरण मुलीने त्याच्याकडून शिकून घेतलं, शाळेच्या प्रकल्पासाठी. प्रकल्प लिहून झाला. पण तिला वळण कागदावर नको होतं, चालवून बघायचं होतं. तिने कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहिला: पडद्यावर रूळ, त्यावर चौकोनी डबा. बटणांनी चालवताना डबा दुसऱ्या वळणावर पोहोचेपर्यंत अंगठा दुखायचा. म्हणून जॉयस्टिक.

"मग मला का नाही सांगितलं?"

"आपने बारहवीं में गेम मना किया था," मुलगी म्हणाली.

"हा गेम आहे की प्रकल्प?"

बाप-लेकींनी एकमेकांकडे बघितलं. "दोन्ही," नवरा म्हणाला.

दोघांचं म्हणणं जुळत होतं. पण दोघं आधी तासभर एकत्र बसलेले होते, आणि एकत्र बसलेल्या माणसांचं म्हणणं नेहमीच जुळतं. मी माझ्या मनातली शंका पूर्ण काढून टाकली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवते. मी विचारलं, "तो शून्य-एकचा कागद काय आहे?" मुलगी उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी दाराशी जाऊन सांगितलं, "परवा मीही येणार आहे." आतून उत्तर आलं, "आप तो आएँगी ही। शिकायत आपकी है।"

बुधवारी समन्वयक बाईंच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला बाई, बाजूला गणिताचे सर, समोर आम्ही तिघं. पाकीट मधोमध. बाईंनी मला आडवी सही माझीच आहे का विचारलं. नवरा वाकून लाख बघत होता. "हे माझं बटण आहे," तो मराठीत पुटपुटला. मी त्याला पायाने गप्प केलं.

बाई म्हणाल्या, मुलीने वस्तूला हात लावायचा नाही. वडील तांत्रिक माणूस, आणि सामान त्यांनीच आणून दिलेलं, म्हणून त्यांनीही नाही. सर तपासणारे, म्हणून जोडणारे ते नकोत. मी मान डोलावत होते, नियम बरोबर होता, मीही हाच केला असता. मग लक्षात आलं की उरले मी.

मी लाख फोडली. तिन्ही वस्तू टेबलावर मांडल्या. पिन कॅल्क्युलेटरच्या भोकात घातली, यंत्र चालू केलं. प्रोग्रॅमच्या यादीत एकच नाव होतं. ते निवडलं, पडद्यावर एक आडवी रेघ उमटली, तिला वळण, वळणाच्या आधी एक बारका चौकोन. मी दांडा उजवीकडे केला. काही झालं नाही. डावीकडे केला. काही नाही.

बाईंनी सरांकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळतो. शाखाप्रमुखाने सांगितलेली चावी कुलपाला लागली नाही की आम्ही एकमेकांकडे तसंच बघतो.

"पूरा अंदर, आई," मुलगी म्हणाली. तिने हात पाठीमागे धरले होते. "क्लिक होना चाहिए।"

मी दाबलं. क्लिक झालं. रविवारी मी "बसली" म्हणून समाधान मानलं होतं, ती पिन खरं तर अर्धीच गेली होती.

दांडा उजवीकडे केला आणि चौकोन निघाला. मला वाटलं होतं त्याहून जोरात निघाला. वळणापाशी पोहोचला, रुळाबाहेर उडी मारली आणि पडद्यावर अक्षरं आली: डिरेल.

"दायें मतलब तेज़, बायें मतलब धीमा," मुलगी म्हणाली. "दोनों तार साथ मिलें तो ब्रेक। लाल बटन।"

दुसऱ्यांदा डिरेल. तिसऱ्यांदाही. नवरा म्हणाला, "अगं, वेग कमी कर वळणाआधी," आणि बाईंनी त्याला गप्प राहायला सांगितलं. मुलीने सांगितल्यावरून मी दुसरा रूळ निवडला, ज्यात मधला तुकडा घातलेला होता. त्याच वेगात डबा त्या वळणावरून सरळ निघून गेला. मी पुन्हा पहिला रूळ लावला, पुन्हा डिरेल, पुन्हा दुसरा, पुन्हा पार. हे मी कुणी न सांगता करत होते, हे बाईंच्या खाकरण्याने लक्षात आलं.

सरांनी चतकोर कागद हातात घेतला. त्यांनी सांगितलं की या भोकातून कॅल्क्युलेटरला दोनच तारांची अवस्था कळते, जोडलेली म्हणजे शून्य, मोकळी म्हणजे एक. पहिली जोडली तर एक दिशा, दुसरी जोडली तर दुसरी, दोन्ही जोडल्या तर ब्रेक, आणि दोन्ही मोकळ्या तर काही नाही. चार ओळींचा तो कागद म्हणजे एवढंच. जॉयस्टिकमध्ये बॅटरी नाही, बाहेरून काही पकडणारं काही नाही.

"तो इससे नक़ल नहीं हो सकती?" बाईंनी विचारलं.

"इससे तो नहीं।"

"यह आप लिखकर देंगे?"

सरांनी चष्मा पुसला. "मैम, मैंने जो देखा वह बता रहा हूँ। लिखकर देना… मशीन की मेमोरी में और क्या-क्या है, उसकी गारंटी मैं कैसे दूँ?"

त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही नसतं लिहून दिलं. तोंडी सगळे निर्दोष ठरवतात, कागदावर कुणी ठरवत नाही. आमच्या अर्ध्या प्रकरणांचं घोंगडं असंच भिजत पडतं. पण पूर्वपरीक्षा सात दिवसांवर आली होती आणि भिजत पडणार होती ती माझी मुलगी.

बाई म्हणाल्या, दोन गोष्टी झाल्या तर त्या प्रकरण बंद करतील. कॅल्क्युलेटरची मेमोरी इथेच, सगळ्यांसमोर पुसायची. आणि तक्रारदाराने लेखी द्यायचं.

मी लगेच कागद मागितला आणि इंग्रजीत लिहिलं, 'मागितलेला खुलासा समाधानकारक आहे, बाब बंद करण्यास हरकत नाही.' हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं असेल. बाईंनी वाचलं आणि कागद परत सरकवला.

"मैम, खुलासा नहीं। ग़लती लिखिए। आपके पहले काग़ज़ में शक है। उसे यह काग़ज़ नहीं काटता।"

त्यांचं बरोबर होतं. माझ्याच जातीची बाई होती. आमच्यात चुकलो असं लिहीत नाहीत. मुद्दा निकाली निघाला असं लिहितात. मी पेन हातात धरून बसले. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, ती कागदाकडे बघत होती. नवरा छताकडे. मग मी लिहिलं: 'सदर वस्तूबाबत मी न विचारता संशय घेतला. माझा संशय चुकीचा होता. मुलीकडून कोणताही गैरप्रकार झालेला नाही.' खाली सही. सही करताना नेहमीसारखी खाली रेघ मारली नाही.

मेमोरी पुसायलाही मीच. सर सांगत होते ती बटणं दाबत गेले. शेवटी यंत्राने विचारलं, खरंच पुसायचं का. मी मुलीला विचारलं, "दुसरीकडे आहे ना उतरवून ठेवलेलं?"

"नहीं।"

"अजिबात नाही? वहीत?"

"नहीं है, आई। कर दो।"

इतक्या पटकन 'कर दो' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. कुठेतरी असेल, वडिलांच्या लॅपटॉपमध्ये असेल, असं मला वाटलं. हेही वाटलं की नसेलच. नसलं तर दोन महिन्यांची मेहनत माझ्या अंगठ्याखाली होती, आणि असलं तर माझ्या मुलीने समितीसमोर खोटं सांगितलं होतं. मी बटण दाबलं. यादी रिकामी झाली. बाईंनी फाइलवर शेरा लिहिला आणि मुलीला उद्यापासून गणिताच्या वर्गात बसायला सांगितलं.

बाहेर नवरा गाडी काढायला गेला. आम्ही दोघी फाटकापाशी उभ्या होतो. चहावाल्याकडे गर्दी होती. मी म्हटलं, चहा घेतेस का. नको म्हणाली. मग म्हणाली,

"वो जो आपने लिखकर दिया, उसकी कॉपी मिलेगी?"

"कशाला?"

"रखूँगी।"

"प्रकरण बंद झालं आहे. शेरा मी स्वतः वाचला."

"आपने भी तो पोच ली थी," ती म्हणाली. "बिना काग़ज़ के आप किसी की बात मानती हैं क्या?"

मी परत आत गेले. बाईंना सांगितलं की पत्राची झेरॉक्स हवी आहे. त्यांनी कशासाठी विचारलं नाही, त्यांना ते योग्यच वाटलं असावं. प्रतीवर शाळेचा शिक्का घेतला, त्यांची सही घेतली आणि बाहेर येऊन मुलीला दिली. तिने कागद नीट वाचला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून परत वाचला, चार घड्या केल्या आणि कंपासपेटीत ठेवला.

गणिताच्या पेपरच्या दिवशी आम्ही दोघं तिला सोडायला गेलो, नवरा गाडीतच थांबला. फाटकाशी तिने कॅल्क्युलेटर बघितला, कंपासपेटी उघडून पेनं मोजली, त्यांच्याखाली कागदाची घडी होती. "ते आत नेऊ देतील का?" मी विचारलं. "नेऊ नकोस. उगाच कुणाला काही वाटेल."

तिने घडी काढली आणि माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या ऑफिसच्या पर्सकडे बघितलं, आणि कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"नहीं, रहने दो। पापा के पास रखवा दूँगी।"